महिला गोल्फ स्पर्धेतली स्वयंसेवक रेफरी : काम कसं आहे, कुणी घ्यावं

आधी थेट मत सांगते. व्यावसायिक महिला गोल्फ स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून नियम बघण्याचं काम उत्तम आहे. गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकीने ते एकदा तरी करावं, असं मला मनापासून वाटतं. पण मोठ्या खेळाडूंचा खेळ जवळून बघायला मिळेल म्हणून कुणी जाणार असेल, तर जाऊ नये. त्यासाठी प्रेक्षक म्हणून दोरीबाहेर उभं राहिलेलं बरं. रेफरीच्या वाट्याला सुंदर फटके फार कमी येतात. तिला बोलावणं येतं ते बॉल झाडीत, नाल्यात, पाइपाला टेकून किंवा कार्ट पाथवर जाऊन बसल्यावर.

मी पुण्याची. गोल्फ शिकले ते नवऱ्याच्या लष्करी बदल्यांमध्ये, छावण्यांमधल्या मैदानांवर. हँडिकॅप आजही एकोणीसच्या आसपास आहे, म्हणजे खेळाडू म्हणून मी बेताचीच. या कामाला त्याने काही अडत नाही. मी ज्या स्पर्धांना गेले त्यांची आणि क्लबांची नावं इथे देत नाही, कारण हे परीक्षण कुणा आयोजकाचं नाही, कामाचं आहे.

शिरकाव कसा करायचा, हे सगळेच विचारतात. अमेरिका आणि मेक्सिको सोडून बाकी जगात गोल्फचे नियम स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची 'आर अँड ए' ही संस्था चालवते. तिची पहिल्या पातळीची परीक्षा घरबसल्या, ऑनलाइन आणि फुकट देता येते. दुसऱ्या पातळीसाठी देशातल्या गोल्फ संघटनेमार्फत प्रत्यक्ष वर्ग होतो आणि नंतर परीक्षा. तिसरी पातळी मोठ्या स्पर्धांच्या रेफरींसाठी. पहिली पातळी झाली की आपल्या क्लबच्या कॅप्टनला किंवा स्पर्धा समितीला भेटा आणि क्लबच्या स्पर्धांमध्ये हात घाला. आपल्याकडची महिला व्यावसायिक टूर विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडिया चालवते. तिच्या स्पर्धा पुण्यात पूना क्लबच्या येरवड्याच्या मैदानावर झाल्या आहेत, मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवरही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बायकांना यासाठी गुरुग्रामलाच जायला हवं असं नाही.

अभ्यासाची भीती बाळगू नका. २०१९ साली नियम नव्याने लिहिले गेले तेव्हा ३४ चे २४ झाले आणि भाषाही सोपी झाली. २०२३ मध्ये अपंग खेळाडूंसाठीचे बदल २५ वा नियम म्हणून मूळ पुस्तकात आले. मी जुने नियम शिकलेली आहे, म्हणून सांगते, नवे शिकायला निम्मेही कष्ट नाहीत. आता ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून. बॉल शोधायला पाचऐवजी तीन मिनिटं. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चुकून बॉल हलला तर दंड नाही, बुटांच्या खिळ्यांच्या खुणा दुरुस्त करायला मोकळीक. शिक्षा करायला टपून बसलेला नियम आता फारसा उरलेला नाही.

आणि हीच या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बाहेरून वाटतं, रेफरी म्हणजे दंड देणारा माणूस. प्रत्यक्षात दिवसातली बहुतेक रूलिंग्ज, म्हणजे नियमांवरचे निर्णय, खेळाडूला तिच्या हक्काचं काहीतरी मिळवून देणारी असतात. नियमाने तिला काय काय करता येतं, हे तिला ताणाच्या क्षणी नीट सांगणं, हेच काम.

कार्ट पाथचंच घ्या. बॉल सिमेंटच्या वाटेवर थांबला की फुकट रिलीफ, म्हणजे दंडाशिवाय बॉल हलवायची मुभा, मिळते, हे प्रत्येकीला माहीत असतं, म्हणून हात आधी बॉलकडे जातो. रेफरीने धावतपळत पोचून पहिलं वाक्य म्हणायचं, "बॉल उचलू नका, आधी जागा बघू." कारण रिलीफ मिळतो तो सगळ्यात जवळच्या मोकळ्या बिंदूपासून, सगळ्यात सोयीच्या जागेपासून नव्हे. तो बिंदू बॉलच्या आधीच्या जागेपेक्षा होलच्या जवळ नसावा आणि तिथून बॉल, पाय, क्लबचा, म्हणजे काठीचा, झोका हे सगळं वाटेपासून मोकळं व्हावं. तो बिंदू कधीकधी नेमका करवंदाच्या जाळीत येतो. मग बॉल वाटेवरूनच मारलेला परवडतो. पण एकदा बॉल उचलला आणि मग विचार बदलून तो परत ठेवला, तर दंडाचा एक स्ट्रोक, म्हणजे एक फटका, वाढला. तीस सेकंद आधी पोचलेली रेफरी तो स्ट्रोक वाचवते. स्कोअरकार्डावर याची नोंद कुठेच होत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

लाल खुंट्यांचा भाग जास्त किचकट. बॉल पाण्यात गेला, हे दिसतं. पण हद्द त्याने नेमकी कुठे ओलांडली? पुढचा ड्रॉप त्या जागेवरून ठरतो, दोन क्लबच्या अंतरात. खेळाडू एक जागा दाखवते, तिची जोडीदार चार पावलं मागची, कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस, भलतीच. इथे पोलिसी आवाज लावून चालत नाही. मी आधी टीवरून, म्हणजे होल जिथे सुरू होतं तिथून, बॉलची रेघ कशी गेली ते विचारते, मग तो कुठल्या झाडाच्या बाजूने वळला ते. जागा आपोआप जुळत येते. नियमही इथे माणसासारखा विचार करतो. खेळाडूने परिस्थितीप्रमाणे प्रामाणिकपणे, वाजवी अंदाज केला असेल तर नंतर व्हिडिओत तो जरा चुकीचा दिसला तरी तिला दंड नाही.

हे शहाणपण महिला गोल्फनेच महाग किंमत मोजून मिळवलं. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशनमध्ये लेक्सी थॉम्पसन आघाडीवर होती. तिसऱ्या फेरीत १७ व्या ग्रीनवर तिने बॉल उचलून परत ठेवताना तो किंचित बाजूला ठेवला होता. टीव्ही बघणाऱ्या कुणीतरी ईमेल करून ते कळवलं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत बारावं होल संपल्यावर तिला सांगण्यात आलं की चार स्ट्रोक गेले. दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याचे, दोन चुकीच्या स्कोअरकार्डावर सही केल्याचे. रडत रडत ती प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा होलांपर्यंत, पोचली आणि सो यॉन रयूकडून हरली. त्यानंतर घरबसल्या प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं, आणि माहीत नसलेल्या दंडापायी कार्ड चुकलं म्हणून वरचे दोन स्ट्रोक लावणंही थांबलं. मी या बदलाच्या पूर्ण बाजूने आहे. खेळाडूच्या डोळ्यांना जे दिसू शकत नाही, त्याची शिक्षा तिला का?

दुसरं प्रकरण मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. २०१६ चं यूएस विमेन्स ओपन, कॅलिफोर्नियातलं कॉर्डेव्हाल. ॲना नॉर्डक्विस्ट आणि ब्रिटनी लँग यांच्यात तीन होलांचा प्लेऑफ. १७ व्या होलवर बंकरमधून मारताना नॉर्डक्विस्टच्या क्लबने मागे जाताना वाळूचे काही कण हलवले. दोन स्ट्रोकचा दंड, नियमाने बरोबर. पण तो दोघींना कळवला गेला १८ व्या होलवर, आणि तोवर नॉर्डक्विस्टचा तिसरा फटका मारून झाला होता, लँगचा व्हायचा होता. एकीला आकडा माहीत नसताना धोका घ्यावा लागला, दुसरीला आकडा माहीत असताना सावध खेळता आलं. निर्णय बरोबर असणं पुरेसं नाही, तो कधी आणि कसा पोचतो तेही तितकंच महत्त्वाचं. आमच्या स्पर्धेत ना इतके कॅमेरे असतात ना इतके पैसे, तरी रेडिओवरून "थांबा, बघून सांगते" म्हणताना हे होल माझ्या डोक्यात असतं.

दिवस कसा जातो, ते सांगते. उजाडायच्या आत मैदानावर. मुख्य रेफरी सगळ्यांना बसवून स्थानिक नियमांचा कागद आणि त्या दिवशीच्या झेंड्यांच्या जागांचा तक्ता देतात, प्रत्येकाला चार-पाच होल वाटून देतात. मग कार्ट घेऊन आपल्या होलांवर चक्कर. लाल-पिवळ्या खुंट्या रात्रीतून कुणी हलवल्या नाहीत ना, दुरुस्तीखालच्या जमिनीभोवतीची पांढरी रेघ दवाने पुसट झाली नाही ना, नवा खड्डा पडला नाही ना. ही चक्कर चुकवू नका. दुपारचे निम्मे प्रश्न सकाळीच दिसलेले असतात. पिशवीत माझ्याकडे नियमांचं पुस्तक, स्टॉपवॉच, चार टी (बॉल ठेवायच्या खुंट्या), मोजपट्टी, दुर्बीण, टोपी, ओआरएसची पाकिटं आणि घरचा डबा. जेवणाचं पाकीट मिळतं, पण ते नेमकं गर्दीच्या वेळी क्लबहाउसवर येतं आणि आपण असतो तेराव्या होलवर. पोळीची गुंडाळी कार्टमध्ये बसून खाता येते.

बॉल शोधण्याची तीन मिनिटं हा या कामातला सगळ्यात जड भाग. खेळाडू किंवा तिचा कॅडी शोधायला लागले की घड्याळ सुरू. रेफरीनेही शोधायला मदत करायची असते, आणि मी ती जीव लावून करते, गुडघ्यावर बसून, काठीने गवत बाजूला करत. पण एक डोळा घड्याळावर. सोबतच्या दोघी स्पर्धक, त्यांचे कॅडी, बॉल कुठे पडतो ते बघायला पुढे उभे असलेले फोरकॅडी, सगळे वाकून शोधत असतात. ज्या बाईला हरवायचं तिचाच बॉल सगळ्या मिळून शोधतात. दुसऱ्या कुठल्या खेळात हे बघायला मिळेल? मग वेळ संपते आणि "मॅडम, तीन मिनिटं झाली" हे आपल्यालाच म्हणावं लागतं. दहा सेकंदांनी बॉल सापडला तरी उपयोग नाही. तिला एका स्ट्रोकच्या दंडासह मागे, जिथून मारलं तिथे जावं लागतं. म्हणून प्रोव्हिजनल बॉल, म्हणजे पहिला हरवला तर असावा म्हणून दुसरा, आधीच मारून आलेली खेळाडू दिसली की मला हायसं वाटतं.

आपल्या मैदानांचे स्वतःचे प्रश्न असतात. कावळे आणि घारी बॉल पळवतात. कुणी डोळ्यांनी बघितलं असेल, किंवा ते जवळपास नक्की असेल, तर दंड नाही. बॉल होता त्या अंदाजाच्या जागी दुसरा ठेवायचा. झुडपाखाली साप दिसला किंवा वर आग्या मोहोळ असेल, तर तिथे जाऊन मारायचं धाडस कुणी करायचं नाही. धोकादायक प्राण्यांसाठी नियमात फुकट रिलीफ आहे. पण तोच बॉल प्राणी नसतानाही खेळता येण्याजोगा नसेल, नुसत्या काटेरी जाळीत अडकला असेल, तर साप दाखवून सुटका नाही. हे समजावताना आवाज मऊ ठेवावा.

महिला स्पर्धेचं वेगळेपण असं की कॅडी पुष्कळदा वडील किंवा भाऊ असतो, आणि शाळेतली हौशी मुलगी व्यावसायिकांच्या गटात खेळत असते. कॅडीने सल्ला द्यायला हरकत नाही. मात्र फटक्यासाठी ती पाय रोवायला लागली की त्याने तिच्या मागे रेषेत उभं राहून नेम दाखवायचा नाही. हाही २०१९ चा नियम, आणि तो योग्य आहे. नेम धरणं हे खेळाडूचंच कौशल्य. आईचं काय? एका स्पर्धेत एका हौशी मुलीची आई दोरीपलीकडून प्रत्येक फटक्याआधी "सात नंबर घे गं" म्हणत होती. मुलीने विचारलं नव्हतं, म्हणून दंड नव्हता. पण तेच माणूस पुन्हा पुन्हा सांगत राहिलं आणि खेळाडूने थांबवायचा प्रयत्नच केला नाही, तर तो सल्ला तिने मागितल्यासारखाच धरतात. मी आईला बाजूला घेतलं. "ताई, तुमची मुलगी छान खेळतेय. तुम्ही क्लबचा नंबर सांगितलात तर दंड तिला बसेल." त्या घाबरल्या. "अहो, मला माहीतच नव्हतं हो." मग मुलीलाही तेच सांगितलं. पुढे त्या माउली तोंडावर ओढणी धरून चालल्या. असे प्रसंग पुस्तकात येत नाहीत.

याच संदर्भात एक आग्रह. खेळाडू कितीही लहान असो, तिला "बेटा" म्हणू नये, "तुम्ही" म्हणावं. ती कामावर आलेली आहे.

संथ खेळाबद्दल मी कडक आहे. पुढच्या गटापासून मागे पडलेल्या गटाला आधी सूचना, मग घड्याळ. नियमांत एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत अशी शिफारस आहे. घड्याळ लावून खेळाडूच्या मागे चालणं कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण तिच्या मागे ताटकळणाऱ्या मुलींचीही लय तुटत असते, त्यांची बाजू कुणी घ्यायची? २०२३ च्या एव्हियाँ चँपियनशिपमध्ये कार्लोटा सिगांडाला संथ खेळासाठी दोन स्ट्रोकचा दंड झाला. तिचं अपील फेटाळलं गेलं, तरी ते स्ट्रोक न धरता तिने कार्डावर सही केली आणि ती बाद झाली. २०२५ मध्ये एलपीजीए या अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक टूरने आणखी बारीक पायऱ्या केल्या: वेळ पाच सेकंदांपर्यंत उलटली तर आर्थिक दंड, सहा ते पंधरापर्यंत एक स्ट्रोक, सोळापासून दोन. मला हे पटतं. तिथे माफक चूक आणि मोठी चूक एकाच मापाने मोजली जात नाही.

आता उणिवा. त्या आहेत, आणि आयोजकांनी ऐकाव्यात अशा आहेत. मानधन नाही, पेट्रोल आपलं. मिळणारा टी-शर्ट पुरुषांच्या मापाचा, खांदे कोपरापर्यंत येतात. त्याहून गंभीर म्हणजे स्वच्छतागृह. मी गेलेल्या एका मैदानावर शेवटच्या नऊ होलांत बायकांसाठी एकही धड जागा नव्हती. महिलांची स्पर्धा भरवताना खेळाडू, कॅडी, स्कोअरर, रेफरी सगळ्यांत बायका असणार, हे कागदावर आधीच दिसतं. अशा वेळी बायका पाणीच कमी पितात, आणि पुण्याच्या उन्हात ते धोक्याचं आहे. बॉल-मार्कर आणि टोप्यांवर होणारा खर्च त्यापेक्षा एका फिरत्या स्वच्छतागृहावर करावा.

दुसरी उणीव प्रेक्षकांची. २०१६ मध्ये अठरा वर्षांची अदिती अशोक गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकली, लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा ज्यांना पार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेही सकाळी टीव्हीपुढे बसले होते. दीक्षा डागरला नीट ऐकू येत नाही, तरी युरोपियन टूरवर ती २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात जिंकली. या मुली आपल्याकडच्या ज्या टूरवर घडल्या, तिथे फेअरवेच्या कडेला मोजकीच माणसं असतात, बरीचशी घरचीच. अंतिम फेरीत पंधरा फुटांवरचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हळुवार फटका, होलमध्ये जातो आणि टाळ्या वाजवतात कॅडी. मला याचं वाईट वाटतं. पुण्यामुंबईत राहणाऱ्यांनी मुलींना घेऊन एक सकाळ तरी यावं.

कुणी हे काम घेऊ नये, तेही सांगते. ज्यांना आपलं ज्ञान दाखवायचं असतं त्यांनी. शंका असेल तर रेडिओवरून दुसऱ्या रेफरीला बोलावण्यात कमीपणा नाही, आणि खेळाडूने विनंती केली तर रेफरीला दुसरं मत घेता येतं. जवळपास कुणीच नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, तिला दोन बॉल खेळून कार्ड देण्याआधी समितीला सांगता येतं. एकट्याने शहाणपणा करण्याची गरज नियमांनीच ठेवलेली नाही. पण बोलायची वेळ आली की गप्प बसूनही चालत नाही. २०२१ च्या सोल्हाइम कपमध्ये, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांच्या लढतीत, ओहायोच्या इन्व्हरनेस क्लबवर अमेरिकेच्या नेली कोर्डाचा बॉल १३ व्या होलच्या काठावर लटकला होता आणि युरोपच्या मॅडलिन सागस्ट्रॉमने तो खेळभावनेने उचलून तिला परत दिला. बॉलपर्यंत पोचायला लागणारा वाजवी वेळ आणि त्यावर दहा सेकंद, एवढं थांबायला हवं होतं. ते झालं नव्हतं, म्हणून बॉल आत गेल्यासारखाच धरला गेला आणि होल अमेरिकेला मिळालं. खेळाडूंपैकी कुणीही ते मागितलेलं नव्हतं. तिथे रेफरीने मान खाली घालून गप्प बसणं सोपं होतं. पण मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या प्रकारात, एका होलाने निकाल फिरतो, आणि गप्प बसणं म्हणजे कोर्डाच्या जोडीचं होल परस्पर काढून घेणं झालं असतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शेवटचा गट आत येईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. आपले होल संपले की बरेच जण निघतात, पण मुख्य रेफरींना खरी मदत स्कोअरिंगच्या तंबूत लागते. तिथे दमलेली खेळाडू घाईने सही करते. बेरजेची जबाबदारी तिची नाही, समितीची. पण प्रत्येक होलचा आकडा तिचा. खऱ्यापेक्षा जास्त लिहिला तर तोच धरतात, कमी लिहिला तर बाद. म्हणून तिला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि जोडीदारीणीने लिहिलेले अठरा आकडे एकेक करून मोठ्याने वाचून दाखवा. सही त्यानंतर.